दार्ष्टांतिक नसलेले दृष्टांत : जी.एं.च्या कथा आणि आपले वर्ग

मराठीच्या पदव्युत्तर वर्गात जी. ए. कुलकर्णी यांच्या कथांवर प्रश्न विचारला, की येणाऱ्या उत्तरांत एक शब्द हमखास असतो : नियती. त्यापाठोपाठ प्रतीकांची जंत्री येते. प्रवासी म्हणजे जीव, वाट म्हणजे आयुष्य, अंधार म्हणजे अज्ञान, नगर म्हणजे मोहमय संसार. जंत्री पूर्ण झाली की उत्तर पूर्ण होते आणि उत्तर पूर्ण झाले की कथा संपते. मूळ कथा वाचली नसतानाही असे उत्तर लिहिता येते, ही त्यातली सर्वांत गंभीर गोष्ट. दोष केवळ विद्यार्थ्यांचा नाही. ही जंत्री त्यांच्या हाती बाजारातल्या गाइडांनी दिली आहे आणि गाइडांना ती पुरवणारे आपल्याच पेशातले लोक आहेत.

नाशिकच्या महाविद्यालयांतून मराठी शिकवणारे आम्ही काही जण गेली काही वर्षे या प्रश्नाचा एकत्र विचार करीत आलो आहोत. आमचे म्हणणे थोडक्यात असे : जी.एं.च्या अद्भुत वळणाच्या कथा ही सोडवायची कोडी नव्हेत. त्या प्रौढांसाठी लिहिलेल्या परीकथा आहेत. त्यांना 'नियती' हे एकच उत्तर चिकटवण्याची आपली सवय वाङ्मयीनदृष्ट्या चूक आहेच. पण आज आपल्यासमोर बसणाऱ्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत ती अन्यायाचीही आहे.

'प्रौढांसाठी परीकथा' म्हटले की मराठी कानाला विसंगती जाणवते. परीकथा मुलांची, असे आपण गृहीतच धरले आहे. जर्मन वाङ्मयात मात्र या प्रकाराला रुळलेले नाव आहे : 'कुन्स्टमेर्शन', म्हणजे लोकमुखातून गोळा केलेली नव्हे, तर एका लेखकाने कलाकृती म्हणून रचलेली परीकथा. ग्रिम बंधूंनी १८१२ मध्ये लोककथांचा पहिला खंड प्रसिद्ध केला, त्याच्या आगेमागच्या काळात टीक, नोव्हालिस, हॉफमान या लेखकांनी परीकथेचा साचा घेऊन प्रौढ वाचकांसाठी स्वतंत्र कथा रचल्या. विसाव्या शतकात या परंपरेत ठळकपणे उभा राहतो तो हरमान हेसे. 'सिद्धार्थ'चा लेखक म्हणून आपण त्याला ओळखतो. पण 'सिद्धार्थ'च्या तीन वर्षे आधी, १९१९ मध्ये, त्याचा 'मेर्शन' याच साध्या नावाचा संग्रह आला होता. त्यातल्या बहुतेक कथा पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे लिहिलेल्या आहेत. एका कथेत भूकंपात मेलेल्यांना पुरण्यासाठी गावात फुले उरलेली नाहीत, म्हणून एक तरुण राजाकडे फुले मागायला निघतो आणि वाटेत एका युद्धग्रस्त परक्या ग्रहावर जाऊन पोहोचतो. ही कथा १९१५ ची आहे. युरोपभर प्रेते पडत असताना लिहिलेल्या या गोष्टीला पलायन म्हणणे कठीण आहे.

हेसेची 'अगुस्टुस' ही कथा आमच्या मुद्द्याला अधिक जवळची. एका विधवेला मुलगा होतो. शेजारचा गूढ म्हातारा तिला सांगतो, की मुलासाठी एकच वर माग. ती मागते : सगळ्यांनी याच्यावर प्रेम करावे. वर खरा होतो आणि तोच शाप ठरतो. सर्वांचे प्रेम न मागता मिळालेला मुलगा आतून पोकळ होत जातो, विषाच्या पेल्यापर्यंत येतो. तेव्हा तोच म्हातारा पुन्हा येतो आणि या खेपेस वर मागण्याची पाळी त्या मुलाची असते. तो मागतो : मला इतरांवर प्रेम करता यावे. त्यानंतर त्याच्या वाट्याला तुरुंग, अपमान, म्हातारपण, भटकंती सारे येते. पण तो सुखी होतो. लोककथेत शेवटी राज्य मिळते. हेसे राज्य काढून घेतो आणि त्याजागी मनाची शांती ठेवतो. फळाचे स्वरूप बदलते. फळ मात्र मिळतेच.

येथे एक भूगोलाची गंमत नमूद करण्याजोगी आहे. हेसेचे आजोबा हेर्मान गुंडर्ट हे बासेल मिशनचे धर्मप्रसारक आणि मलयाळमचे कोशकार. हेसेची आई केरळातल्या तलश्शेरीची, तिथेच जन्मलेली. वडीलही काही काळ मंगळूरला मिशनच्या कामावर होते. त्याच बासेल मिशनची शाळा धारवाडातही उभी राहिली आणि त्याच धारवाडात जी.एं.नी इंग्रजीचे प्राध्यापक म्हणून आयुष्याची बहुतेक वर्षे काढली. यातून प्रभावाचा धागा काढण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. सांगायचे इतकेच, की बेळगाव जिल्ह्यातल्या एकसंब्यात १९२३ साली जन्मलेला आणि कन्नड मुलुखात राहून मराठीत लिहिणारा हा लेखक कोणत्याही एका परंपरेच्या कुंपणात बसणारा नव्हता. जी.एं.च्या निधनानंतरच्या वर्षी, १९८८ मध्ये, धारवाडशीच जवळचे नाते असलेल्या गिरीश कर्नाडांनी कन्नड लोककथांवरून 'नागमंडल' लिहिले. लोककथेच्या साच्यातून प्रौढांचे प्रश्न मांडणे त्या परिसराला परके नव्हते.

ते आपल्यालाही परके नाही. चातुर्मासातल्या कहाण्या कोणासाठी होत्या? त्या व्रत करणाऱ्या, घरसंसाराने दमलेल्या प्रौढ बायकांसाठी होत्या. सोमवारची खुलभर दुधाची कहाणी पाहा. राजा हुकूम काढतो, की गावातले सगळे दूध देवाच्या गाभाऱ्यात ओतावे. मुले उपाशी, वासरे उपाशी. गाभारा काही भरत नाही. एक म्हातारी आधी घरच्या लेकरावासरांना पाजते, मग उरलेले खुलभर दूध घेऊन येते आणि गाभारा भरतो. सत्तेने सक्तीने वसूल केलेल्या भक्तीवर इतकी नेमकी टीका असणारी कथा केवळ बालवाङ्मय कशी ठरेल? ती परीकथाच आहे, आणि प्रौढांची आहे.

दुसरी परंपरा याहून महत्त्वाची. महानुभाव वाङ्मयातला 'दृष्टांतपाठ' आपण सारेच अभ्यासक्रमात शिकतो, शिकवतो. चक्रधरांचे ११४ दृष्टांत केसोबासांनी तेराव्या शतकात एकत्र केले. प्रत्येकाची रचना तीन अंगांची : सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक. सूत्र म्हणजे चक्रधरांचे वचन, दृष्टांत म्हणजे गोष्ट आणि दार्ष्टांतिक म्हणजे त्या गोष्टीचा वचनाशी जोडलेला अर्थ. हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट आपण स्वतंत्र म्हणून सांगतो, पण ग्रंथात ती तशी मोकळी नाही. तिच्या आधी सूत्र आहे आणि नंतर दार्ष्टांतिक. ऐकणाऱ्याने कुठे जाऊन थांबायचे हे ठरलेले आहे. धर्मग्रंथाची ती गरजच होती, त्यात गैर काही नाही.

मराठी वाचकाचा कान या तीन अंगांवर घडला आहे. कीर्तनातला पूर्वरंग-उत्तररंग हाही त्याच जातीचा : आधी निरूपण, मग आख्यान. वि. स. खांडेकरांनी रूपककथेला मराठीत प्रतिष्ठा मिळवून दिली तेव्हा त्यांनी सूत्र आणि दार्ष्टांतिक छापले नाही, पण गोष्ट अशी बांधली की ते वाचकाला आपोआप ऐकू यावे. फूल, काटा, समुद्र, पणती ही पात्रे बोलू लागली, की कोण कशासाठी बोलते आहे याबद्दल संशय उरत नाही. खांडेकरांची रूपककथा वाचकाशी प्रामाणिक आहे. तिला कुलूप आहे आणि किल्ली दारावरच टांगलेली आहे.

जी.ए. नेमके येथे वेगळे होतात. १९५९ च्या 'निळासावळा'पासून त्यांची कथा कर्नाटक सीमेवरच्या माणसांच्या दुःखाची, वास्तवाच्या मातीत रुतलेली होती आणि ती धारा शेवटपर्यंत चालू राहिली. पण १९७२ च्या 'काजळमाया'त 'विदूषक'सारख्या कथेतून दरबाराची, अनाम राज्यांची दुनिया आली. १९७५ च्या 'रमलखुणा'त तर 'प्रवासी' आणि 'इस्किलार' या दोनच दीर्घकथा आहेत. त्यांतल्या 'इस्किलार'चा प्रदेश कोणत्याही नकाशात नाही आणि त्यातली परकी भाषा कोणत्याही कोशात नाही. त्याच वर्षी 'सांजशकुन' आले आणि १९७७ च्या 'पिंगळावेळ'मध्ये 'ऑर्फियस', 'यात्रिक', 'स्वामी' या कथा आल्या. या कथांना सगळा परीकथेचा सरंजाम आहे : प्रवास, भविष्य, परीक्षा, अनोळखी यजमान, बंद दार. दृष्टांताचा घाटही आहे. नाही ते सूत्र, आणि नाही ते दार्ष्टांतिक. कहाणीच्या अखेरचे 'सुफळ संपूर्ण' तर नाहीच नाही. हेसेने राज्याऐवजी शांती दिली; जी.ए. पुष्कळदा तीही देत नाहीत.

हे अंग त्यांच्याकडून राहून गेलेले नाही. ते त्यांनी जाणीवपूर्वक काढून टाकले आहे, असे आम्हांला वाटते. दार्ष्टांतिकाची सवय असलेल्या वाचकाला दृष्टांत ऐकवायचा आणि तिथेच थांबायचे, यात त्या कथांची खरी ताकद आहे. गोष्ट संपते तेव्हा वाचक एकटा उरतो. ज्याचा अर्थ आपल्याला कोणी सांगणार नाही असा एक अनुभव त्याच्या हाती असतो. प्रौढपणाची याहून चांगली व्याख्या आम्हांला ठाऊक नाही.

आणि आपण वर्गात काय करतो? लेखकाने काढून टाकलेले दार्ष्टांतिक प्रामाणिकपणे परत आणून जोडतो. ते जोडताना हाताशी असलेला सर्वांत सोपा शब्द वापरतो : नियती.

या शब्दाने काय झाकले जाते याचे उदाहरण म्हणून 'स्वामी' घेऊ. प्रवासात वाटेत अडकलेल्या एका माणसाला एका मठाचा महंत आदराने सोबत नेतो. पाहुणचार होतो. त्याला भुयारासारख्या खोल वास्तूत उतरवले जाते आणि मग कळते, की आता तो स्वामी आहे आणि येथून त्याची सुटका नाही. त्याला काही कमी पडू दिले जाणार नाही. त्याच्या असण्याने गावाचे कल्याण होणार आहे. फक्त त्याने बाहेर जायचे नाही. अखेर त्या अंधारात जोपासलेल्या एका वेलीला उजेडाकडे जाण्याची वाट सापडते, माणसाला नाही. ही कथा 'नियतीच्या हातचे बाहुले झालेल्या मानवाची शोकांतिका' म्हणून शिकवली जाते. पण त्या माणसाला कोंडले कोणी? दार लावणारे हात नियतीचे नाहीत. ते महंताचे आहेत. त्यामागे एक मठ आहे, मठामागे गावाची श्रद्धा आहे आणि त्या श्रद्धेला एक जिवंत माणूस कोंडलेला लागतो. आदराने, पूजा करून, सर्वांच्या भल्यासाठी कोंडलेला. कथेत हे सारे स्पष्ट घडते. 'नियती' म्हटले की ते दिसेनासे होते. वाचायचे राहून जाते ते हेच. आणि वेल लावणारा, तिला वाढवणारा तो माणूस बाहुला नाही, हेही राहून जाते.

येथे आमच्या गावाचा संदर्भ आवश्यक वाटतो. नाशिकजवळच्या विहितगावात जन्मलेल्या बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह १९६३ चा, 'मरण स्वस्त होत आहे' १९६९ चा. दलित पँथरची स्थापना १९७२ ची, म्हणजे 'काजळमाया'च्या सालातलीच. एकीकडे बागुलांच्या कथेतला माणूस आपल्या दुःखाच्या कारणाचे नाव मोठ्याने घेत होता, दुसरीकडे जी.एं.च्या कथेतली अनाम माणसे अनाम नगरांतून चालत होती. तेव्हापासून आजतागायत जी.एं.वर घेतला जाणारा आक्षेप हाच आहे : कारणाचे नाव न घेणारे दुःख ही चैन नव्हे काय?

आमच्या वर्गांतले अनेक विद्यार्थी दिंडोरी, पेठ, सुरगाणा, निफाडकडून येतात. घरात शिकणारी त्यांची पहिलीच पिढी असते. एम.ए. करून, नेट-सेट देऊन, तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे राबायची शक्यता त्यांच्यासमोर असते. 'कष्टाचे फळ मिळतेच' ही कहाणी त्यांना घरी, शाळेत, स्पर्धा परीक्षांच्या शिकवण्यांत सतत ऐकवली गेलेली असते. आणि त्यांतल्या अनेकांच्या पूर्वजांना याच्या उलट ऐकवले गेले होते : जे वाट्याला आले ते नशिबाचे, भोगलेच पाहिजे. अशा विद्यार्थ्यासमोर जी.एं.ची कथा ठेवून 'नियती अटळ आहे' असे दार्ष्टांतिक आपण सांगतो, तेव्हा त्याच्या आजोबांना सांगितले गेले तेच आपण वाङ्मयीन परिभाषेत त्याला पुन्हा सांगत असतो. त्याने जी.ए. नाकारले तर आम्ही त्याला दोष देणार नाही. पण तो जे नाकारतो ते आपले दार्ष्टांतिक असते. कथा त्याच्यापर्यंत पोहोचलेलीच नसते.

कथेपर्यंत पोहोचू दिले तर काय घडते? 'स्वामी'चा शेवट वाचून एका वर्गात पहिला प्रश्न आला तो असा : गावातल्या एकालाही हे ठाऊक नव्हते का? हा प्रश्न कोणत्याही गाइडात नाही. तो बागुलांच्या वाचकाला पडेल असा प्रश्न आहे आणि तो जी.एं.च्या कथेवर विचारला गेला. बागुल कारणाचे नाव घेतात, जी.ए. घेत नाहीत, हा फरक खराच आहे. तो पुसण्याचा प्रयत्न आम्ही करणार नाही. परंतु नाव न घेतलेल्या जागी वाचकाला स्वतःच्या जगातले नाव घालून पाहता येते. तेवढी मोकळीक तिथे आहे, अट एवढीच की शिक्षकाने ती जागा आधीच भरून टाकू नये.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की जी.ए. स्वतःच प्रतीकांचा सडा घालतात. मग वाचकाने ती उलगडू नयेत काय? आक्षेपात तथ्य आहे. 'सांजशकुन'मधल्या काही रचना रूपकाच्या इतक्या जवळ जातात, की किल्ली टांगलेली दिसतेच. काही ठिकाणी प्रतिमांची दाटी गोष्टीला चालू देत नाही. या रचनांना आम्ही 'स्वामी'च्या पंगतीला बसवणार नाही. पण याचा निष्कर्ष उलटा निघतो : जिथे जी.ए. रूपककथेकडे झुकतात तिथे ते दुबळे होतात आणि जिथे गोष्टीवर विश्वास टाकतात तिथे ते अजोड ठरतात. आपण मात्र त्यांच्या सगळ्याच कथा त्यांच्या दुबळ्या कथांसारख्या शिकवतो.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. अर्थ सांगायचा नाही तर शिक्षकाने तासभर करायचे काय, आणि विद्यार्थ्याने परीक्षेत लिहायचे काय? आमचा अनुभव सांगतो. पहिला तास केवळ मोठ्याने वाचनाचा. ही कथा कानाने घ्यायची आहे. कहाणी कानानेच घेतली जाते. दुसऱ्या तासाला चारच प्रश्न : कोण निघाले, काय मागितले, काय मिळाले, दार कोणी लावले. 'म्हणजे काय' हा प्रश्न सर्वांत शेवटी, आणि तोही विद्यार्थ्यांकडून आला तरच. तिसऱ्या तासाला शेजारी ठेवायला खुलभर दुधाची कहाणी, 'दृष्टांतपाठा'तला एखादा दृष्टांत, खांडेकरांची एक रूपककथा आणि शक्य असल्यास हेसेचा 'अगुस्टुस'. चारही ठिकाणी फळाचे काय होते हे विद्यार्थी आपण होऊन पाहू लागतात. कहाणीत फळ देवाकडून येते, दृष्टांतात ते ज्ञानाच्या रूपाने येते, रूपककथेत बोध म्हणून येते, हेसेत शांती म्हणून. जी.एं.कडे ती जागा रिकामी असते, आणि ती रिकामी आहे हे दिसण्यासाठी आधीच्या चार जागा पाहिलेल्या असाव्या लागतात. तुलनेचा इतका साधा आणि इतका फलदायी धडा आमच्या अभ्यासक्रमात दुसरा नाही.

परीक्षेचे म्हणाल तर प्रश्नच बदलावा लागेल. 'जी.एं.च्या कथेतील नियतिवाद स्पष्ट करा' हा प्रश्न विद्यार्थ्याला वाचण्यापासून सूट देतो. त्याऐवजी 'अमुक कथेत नायकाला निर्णयाची संधी कुठे कुठे मिळते?' असे विचारून पाहावे. उत्तर लिहिण्यासाठी कथा वाचावीच लागते आणि दोन विद्यार्थ्यांची उत्तरे सारखी येत नाहीत. तपासणाऱ्याचे काम वाढते हे खरे. ते वाढायलाच हवे.

गोदावरीच्या काठी, आमच्या खाली पैठणला, गुणाढ्याने आपली बृहत्कथा एकेक पान वाचून आगीत टाकली, अशी आख्यायिका 'कथासरित्सागरा'त आहे. राजाने ती नाकारली होती. रानातले पशू चरणे सोडून ती ऐकत उभे होते. त्या पशूंनी अर्थ विचारल्याचे कुठे नमूद नाही. कथेची पहिली मागणी ऐकण्याची असते, एवढे त्यांना कळले होते. आपल्या वर्गांत जी.एं.च्या कथांना निदान तेवढे ऐकणारे मिळावेत. दार्ष्टांतिक ज्याचे त्याला, त्याच्या वेळी, सापडेल. काहींना ते कधीच सापडणार नाही आणि तरीही कथा त्यांच्याजवळ राहील.